सफारीचं बुकिंग: पैसे कधी, किती आणि कोणाच्या नावावर

“ओळखीतल्याकडूनच बुकिंग करा” हा सल्ला पुण्यात सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. ज्या एजंटने ताडोब्याच्या सफारीचे माझे पैसे बुडवले त्याचा नंबर आमच्याच सोसायटीतून मिळाला होता.

तारीख, गेट, कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) की बफर (त्याच्या भोवतीचा भाग) हे आधी ठरवा. ताडोब्याचं कोअर मंगळवारी आणि पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. तेव्हाची कोअर सफारी कोणी देऊ केली तर बोलणं तिथेच संपवा. राहणं, जेवण, परमिट (जंगलात शिरायचा परवाना), जिप्सी (सफारीची उघडी गाडी), गाइड यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या.

आता अ‍ॅडव्हान्स. सगळे इथेच घाई करतात, मीही केली. एप्रिलचे दिवस, आम्ही सहा जण, “आज पूर्ण पैसे भरा, नाहीतर जिप्सी जाईल” असा फोन. यूपीआयच्या स्क्रीनवर टूरच्या नावाऐवजी भलत्याच बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “वहिनींचं खातं आहे, आमचं आजचं लिमिट संपलंय.” मी पिन टाकला. व्हॉट्सअ‍ॅपवर परमिटचा फोटो आला, नावांचा भाग कापलेला. पहाटे मोहर्ली गेटवर कर्मचाऱ्याने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. आमचं नाव नव्हतं. आई मांडीवर दुर्बीण घेऊन गाडीत बसून होती.

म्हणून सांगतो, पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. ते बँकेतल्या खातेदाराचं असतं. पावतीवरचं नाव आणि ते नाव जुळलं नाही, तर कारण कितीही पटणारं असो, पैसे पाठवू नका. बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला सेवेसाठी ही नोंदणी सहसा सक्तीची नसते, त्यामुळे नंबर नाही एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नका. त्याच्याकडून सही-शिक्क्याची पावती घ्या.

पूर्ण रक्कम आधी कधीच देऊ नका. खोलीसाठी थोडं टोकन, परमिटचे पैसे वेगळे, उरलेले तिथे पोहोचल्यावर. परमिटची पूर्ण पीडीएफ मागा आणि प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा नंबर, गेट, तारीख, सकाळ की दुपार हे स्वतः तपासा. त्याहून बरं म्हणजे परमिट ताडोब्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढा, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना बघून. एजंटकडे फक्त राहण्या-जेवणाचं ठेवा. मी आता असंच करतो.

ट्रिप रद्द झाली तर “रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका” असं कोणी सांगेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फोन ठेवा.

फसलात तर त्याच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत ती गोठवता आली तरच काही हाती लागतं. मी दोन दिवस त्याच्या “उद्या देतो” वर थांबलो आणि तोवर खातं रिकामं झालं होतं.

निघताना परमिटवर ज्याचा नंबर दिलाय तेच मूळ ओळखपत्र बॅगेत टाका. मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर गेटपर्यंत जाऊ नका.