काउंटीभर मेट्रो आखताय? लॉस एंजेलिसच्या या चुका टाळा

लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) एक नाही, ८८ शहरं आहेत आणि लोकसंख्या कोटीच्या घरात, त्यामुळे इथे लाइन आखायची म्हणजे एकत्र कुटुंबात लग्नाची तारीख ठरवण्यासारखं, प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं असतंच. पण बऱ्याचशा चुका या भांडणांमुळे नाही, तर कागदावरच झाल्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागा रिकामी दिसली की तिथे रूळ टाकायचे. १९९५ ची ग्रीन लाइन बघा, चक्क १०५ नंबरच्या फ्रीवेच्या, म्हणजे मोठ्या महामार्गाच्या मधोमध! जमीन घ्यायची कटकट नाही, पण प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की दोन्हीकडून गाड्यांचा घोंघाट, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि बाहेर पडायला आधी फ्रीवे ओलांडा. वर कहर म्हणजे लाइन विमानतळाच्या जवळ जाऊन बाजूने निघून गेली. बॅगा ओढत उतरायचं आणि शटल बसची वाट बघायची. विमानतळासाठीचं मेट्रो स्टेशन उघडलं कधी, तर जून २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी. त्यापेक्षा आधीच नकाशावर स्टेशनवर बोट ठेवा आणि १० मिनिटं चालून काय काय गाठता येतं ते मोजा, हॉस्पिटल, कॉलेज, बाजार यातलं काहीच नसेल तर जागा बदला, रूळ पडल्यावर काही होत नाही.

दुसरी चूक, "जमिनीवरूनच नेऊ, स्वस्तात होईल." लाँग बीचची ब्लू लाइन (आता ए लाइन) १९९० ला सुरू झाली, मध्ये स्वतःच्या रुळांवर मस्त पळते आणि डाउनटाउनजवळ वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर आली की गाड्यांसारखीच लाल सिग्नलला थांबते. आत डबे भरलेले आणि समोरून डावीकडे वळणाऱ्या चार गाड्या! सिग्नल शहराच्या खात्याकडे, ट्रेन मेट्रो चालवणाऱ्या संस्थेकडे. म्हणून ट्रेनला आधी सोडायचं हे टेंडरच्या आधी लेखी घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

मग भीतीपोटी केलेले कायदे. १९८५ ला फेअरफॅक्स भागात एका कपड्यांच्या दुकानात जमिनीतून आलेल्या मिथेन वायूचा स्फोट झाला, त्यानंतर विल्शर बुलेव्हार्डखालच्या बोगद्याला केंद्राचा पैसाच बंद, तो २००७ पर्यंत. सॅन फर्नांडो व्हॅलीत तर १९९१ च्या राज्य कायद्याने ठरवलं की एका जुन्या रेल्वे पट्ट्यावर रेल्वे न्यायची तर खोल जमिनीखालूनच, म्हणून तिथे २००५ मध्ये ऑरेंज लाइन ही स्वतःच्या वेगळ्या रस्त्यावरून धावणारी बस आली. तो कायदा २०१४ ला रद्द झाला, तोवर बसचा रस्ता बांधून वापरात होता. बंदी घालायचीच तर पुन्हा तपासायची तारीखही त्यातच लिहा.

आणि रुळांच्या नादात बस विसरू नका. इथे प्रवासी कोर्टात गेले आणि १९९६ च्या समझोत्यात बसमधली गर्दी कमी करायचं लिहून द्यावं लागलं.

पैशाचं तर काय सांगू, मेट्रोसाठी सेल्स टॅक्स (विक्री कर) लावायचा तर लोकांच्या मतदानात दोन तृतीयांश मतं लागायची. २०१२ चा मेझर जे हा असाच करप्रस्ताव ६६ टक्क्यांच्या वर जाऊनही थोडक्यात पडला! म्हणून मग प्रत्येक कोपऱ्याला काहीतरी द्यायचं आणि यादी लांबत जायची. यादीत आधी कोण, नंतर कोण हे मतदानाआधीच छापून टाका, म्हणजे नंतर "आमची लाइन कुठाय" म्हणत येणाऱ्याला तो कागद दाखवता येतो.