पुण्यात कोर्टातली केस शोधताना : सर्चचं काम नव्याने करणाऱ्यांसाठी

वकिलीची सनद मिळाल्यावर पुण्यातल्या ज्युनियरच्या वाट्याला जी कामं हमखास येतात, त्यात सर्च, म्हणजे मालमत्तेवर किंवा माणसावर काही केस आहे का ते शोधणं, वरच्या क्रमांकावर असतो. बँकेला कर्ज द्यायचं असतं, कुणाला पेठेतला जुना वाडा विकसनाला घ्यायचा असतो, आणि सिनियर जाता जाता म्हणतात, "यावर काही लिटिगेशन आहे का बघ गं जरा." कुठे बघायचं आणि जे दिसेल त्याचा अर्थ काय लावायचा, हे सांगायला त्यांना वेळ नसतो. मी मालमत्तेच्या सर्चचं काम करते. ऑफिसात येणाऱ्या मुलामुलींना जे तोंडी सांगते, ते इथे लिहिते आहे.

पहिली सवय म्हणजे मोबाइलवर ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातल्या केसेस शोधायची सरकारी यंत्रणा, उघडून नाव टाकायच्या आधी जरा थांबणं. भांडण कसलं असेल आणि मालमत्ता कुठे आहे, हे आधी कागदावर लिहा. पुणे जिल्ह्यातली प्रत्येक केस शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात नसते. चाकणची जमीन खेड तालुक्यात येते, तिचा दावा राजगुरुनगरला असणार. तळेगावचा वडगाव मावळला. सासवड, जुन्नर, बारामती इथली कोर्टं वेगळी. ई-कोर्ट्सवर पुणे जिल्हा निवडल्यावर न्यायालय संकुल निवडायला सांगतात, आणि नवखा माणूस डोळे झाकून शिवाजीनगर निवडतो. मग "काही सापडलं नाही" असं येतं आणि तेच अहवालात उतरतं.

शहरातही दारं अनेक आहेत. घरमालक-भाडेकरू वाद असेल तर लघुवाद न्यायालय. पेठांमधल्या वाड्यांची निम्मी कहाणी तिथेच मिळते. नवरा-बायकोचं प्रकरण कौटुंबिक न्यायालयात, सोसायटी आणि सभासदाचा वाद सहकार न्यायालयात, बिल्डरविरुद्धची तक्रार महारेराकडे किंवा ग्राहक आयोगाकडे. आणि फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीचं भांडण? ते मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत या वाटेने चढत जातं. महसुली प्रकरणं ई-कोर्ट्सवर येतच नाहीत, त्यांच्यासाठी ईक्यूजे कोर्ट्स ही वेगळी यंत्रणा आहे. शेतजमिनीचा सर्च ई-कोर्ट्सवर संपवणाऱ्या माणसाने खरं तर तो अर्धाच केलेला असतो.

आता नावाचा शोध. तालुका कोर्टातले दावे बहुधा मराठीत असतात, पण संगणकावर पक्षकारांची नावं इंग्रजीत चढवलेली असतात. चौधरी हे आडनाव किमान चार तऱ्हांनी टाइप केलेलं सापडतं, आणि ज्ञानेश्वरची तर गंमतच आहे. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. शोधाला निदान तीन अक्षरं लागतात. आडनावाचा जो तुकडा कुणीही लिहिला तरी बदलत नाही, तो टाका, आणि एकेक वर्ष घेऊन मागे जा. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही बघा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. यादीत पहिल्या वादीचं आणि पहिल्या प्रतिवादीचंच नाव दिसतं. तुमचा माणूस प्रतिवादी क्रमांक सात असेल, तर केस उघडल्याशिवाय तो दिसणार नाही.

वाटपाच्या दाव्यात याहून मोठी मेख असते. दावा अनेकदा बहिणीने लावलेला असतो, आणि तो तिच्या सासरच्या आडनावाने. दाव्यात ती शिंदे नसते, सातबाऱ्यावर तिचे भाऊ मात्र शिंदे असतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतल्या जन्मतः भागीदार, म्हणून मुलांइतकाच हक्क मिळाला, त्यामुळे असे दावे नेहमी भेटतात. विकणाऱ्याच्या नावाबरोबर त्याच्या प्रत्येक भावाचं नाव प्रतिवादी म्हणून शोधा, आणि वारसनोंदीच्या फेरफारातून बहिणींची सासरची नावं काढून तीही टाकून बघा.

केस सापडली की तीन आकडे दिसतात, त्यांची गल्लत होते. दाखल क्रमांक हा कागद खिडकीवर दिल्याचा. तपासणी होऊन दावा रजिस्टरला चढला की नोंदणी क्रमांक पडतो, वकील बोलताना तोच सांगतात : आरसीएस अमुक, स्पेशल अमुक. तिसरा सीएनआर, सोळा अक्षरांचा. आपल्याकडे तो एमएचपीयूने सुरू होतो, पुढे कोर्टाचा दोन आकडी संकेत, मग सहा आकडे आणि शेवटी वर्ष. मधले सहा आकडे म्हणजे दाव्याचा नंबर नव्हे. वहीत सीएनआर लिहून ठेवा, पुढच्या वेळी नावांच्या जंगलात शिरावं लागत नाही.

आद्याक्षरं हळूहळू अंगवळणी पडतात. आरसीएस (रेग्युलर सिव्हिल सूट) हा साधा दिवाणी दावा कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाकडे, जास्त मूल्याचा स्पेशल दावा वरिष्ठ स्तराकडे. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची (डिक्रीची) अंमलबजावणी, म्हणजे मूळ दावा आधीच निकाली निघाला आहे आणि कुणीतरी ताबा किंवा पैसे वसूल करायला आलं आहे. दरखास्त दिसली की मूळ दावा शोधायचाच. फौजदारीत आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) आणि एससीसी (समरी क्रिमिनल केस). चेक न वटल्याच्या, कलम १३८ च्या केसेस एससीसीत ढिगाने असतात, किरकोळ खटलेही त्यातच. म्हणून नावापुढे एससीसी दिसली की लगेच "गुन्हेगारी पार्श्वभूमी" असं लिहून मोकळं होऊ नये. एकाच नावाची माणसं या शहरात किती आहेत! वडिलांचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय ती केस तुमच्या माणसाची म्हणायची नाही.

पण माझ्या मते खरं काम यापुढे सुरू होतं. पडद्यावरचं पान तुम्हाला केसपर्यंत पोचवतं, केस असते रोजनाम्यात. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची ती नोंद. ऑनलाइन तारखेवर टिचकी मारली तर त्या दिवसाचं कामकाज दिसतं, पण बहुधा एका ओळीत : वेळ दिला, म्हणण्यासाठी ठेवले, युक्तिवादासाठी ठेवले. फाइलमधला रोजनामा जास्त बोलका असतो. तो शेवटापासून उलटा वाचावा. आज काय चाललं आहे ते आधी कळतं आणि ते का चाललं आहे ते मागे जाताना उलगडतं. प्रतिवादी तीनचं समन्स 'पत्ता अपूर्ण' म्हणून पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर दहा वर्षांचा दावाही सुरुवातीच्याच पायरीवर आहे असं समजा. मयत पक्षकाराचे वारस लावायचे राहिले असतील, तर तेही इथेच सापडतं.

रोजनाम्यात सतत 'निशाणी' येते. फाइलमधल्या कागदाला पडणारा तो क्रमांक. निशाणी १ म्हणजे वादपत्र, आणि निशाणी ५ हा आपल्याकडच्या प्रघाताप्रमाणे तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या मनाईहुकुमाचा अर्ज. जमिनीच्या सर्चमध्ये सिनियर पहिला प्रश्न विचारणार तो हाच : "पाचवर काय झालं?" मनाई मिळाली, नामंजूर झाली, की 'जैसे थे' आदेश आहे? नामंजूर झाली असेल तर त्यावर अपील झालं का? याची उत्तरं घेऊनच परत या.

'निकाली' या शेऱ्याने फसू नका. ई-कोर्ट्सवर 'अनकॉन्टेस्टेड', म्हणजे शेवटपर्यंत न लढवता, म्हणून बंद झालेला दावा तडजोडीने मिटलेला असू शकतो, वादीने काढून घेतलेला असू शकतो, किंवा वादी गैरहजर म्हणून काढून टाकलेला असू शकतो. पहिल्यात तडजोडीच्या अटी मालमत्तेवर कायमच्या बसतात. लोकअदालतीत मिटलं असेल तर त्या निवाड्याला हुकूमनाम्याचंच बळ असतं आणि त्यावर अपील नाही. तिसऱ्यात दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज येऊ शकतो, आणि त्या अर्जाला स्वतंत्र किरकोळ अर्जाचा नंबर पडतो. मूळ दाव्याचं पान शांत, आणि वेगळ्या नंबरखाली अर्ज जिवंत. अपिलाचंही तसंच, जिल्हा न्यायालयात वेगळा नंबर, आणि रिट असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणखी वेगळा. नावं तिथेही टाकून बघायची.

प्रत्यक्ष फाइल बघायला शिवाजीनगरला जायचंच. मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरलं की पार्किंगची कटकट नाही. कोर्टाचं काम सुरू होण्याआधी पोचा. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, त्यावरून फाइल आज कोर्टापुढे आहे की कपाटात ते समजतं. न्यायाधीश डायसवर बसले आणि पुकारे सुरू झाले की लिपिकाला काही विचारू नका, चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पाहणीसाठी किंवा नकलेसाठी कोर्ट फी स्टॅम्प लावून लेखी अर्ज करावा लागतो. तुम्ही पक्षकाराचे वकील नसाल तर नक्कल कशाला हवी ते कारण लिहा, कोर्टाची परवानगी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनीच मागावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

नक्कल हाती आली की पाठचा शिक्का बघा : अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेला वेळ वगळतात, म्हणून त्या तारखांना किंमत आहे.

कोर्टाबाहेरचा एक धागा बरेच जण सोडतात. दावा चालू असताना मालमत्ता विकली तर घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक राहतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. आपल्याकडे त्याला १९३९ ची मुंबईची दुरुस्ती आहे : त्याचा फायदा हवा असेल तर दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती सूची दोनमध्ये, म्हणजे निबंधकाकडच्या नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत सापडते, कधी सातबाऱ्याच्या इतर हक्कातही दाव्याचा उल्लेख असतो. मात्र नोटीस नाही म्हणून दावा नाही, असं मानू नका.

काही फाइली मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. पोक्सो आणि बलात्काराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. कौटुंबिक न्यायालयातलं कामकाजही बंद दाराआड चालू शकतं.

अहवालात "कोणतीही केस नाही" असं वाक्य मी लिहू देत नाही. कोणत्या संकुलात, कोणत्या नावांनी, कोणत्या वर्षांसाठी, कोणत्या तारखेपर्यंत शोधलं ते लिहायचं, महसुली आणि उच्च न्यायालयाचा शोध घेतला की नाही तेही लिहायचं, आणि मग "वरील शोधात प्रलंबित दावा आढळला नाही" इतकंच. बँकेतल्या एखाद्या अधिकाऱ्याला ते लांबण वाटतं. लांबू द्या.