टर्किश कॉफी आणि तिच्या आधीची ताजी प्लेट, बेळगावात घरी कशी जमवायची

लेकीकडं जर्मनीला तीन महिने राहिले तेव्हा तिच्या बिल्डिंगखालीच एका तुर्की माणसाचं किराणा दुकान होतं, बाहेर फुटपाथवर टोमॅटो-काकडीचे क्रेट, आत ऑलिव्ह आणि खारवलेलं पांढरं चीज, आणि काउंटरमागं छोट्या शेगडीवर त्याची कॉफी चाललेली असायची. असल्या गल्लीतल्या दुकानाला ते बक्काल म्हणतात. आपली जुनी माणसं वाणी-बकाल म्हणायची की, मूळचा अरबी शब्द तोच. मी रोज तिथं उभी राहून बघून शिकले, आता इथं टिळकवाडीत घरी करते.

आधी पूड, कारण सगळं तिथंच ठरतं. कॉफी भाजून दळून देणाऱ्या दुकानात गेलात की पहिलं वाक्य हेच बोला, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) अजिबात नको. मी पहिल्यांदा नुसतं "बारीक द्या" म्हटलं तर नेहमीची फिल्टरची मिक्स पूड बांधून दिली आणि घरी आल्यावर चव काही केल्या तशी येईना. चिकमगळूर किंवा कोडगूची अरेबिका, मध्यम भाजलेली, आणि दळण मैद्यासारखं पाहिजे. दोन बोटांत चोळून बघा, रव्यासारखी खरखर लागली तर परत दळायला सांगा. शंभर ग्रॅमच घ्या, इतक्या बारीक पुडीचा वास लवकर उडतो. आणि कोण तिकडनं येणार असेल तर मेहमेत एफेंदीचं पाकीट मागवा, इस्तंबूलमधलं 1871 पासूनचं दुकान आहे ते, म्हणजे खरी पूड किती बारीक असते ते हाताला कळेल.

भांडं लहान, लांब दांड्याचं, वर निमुळतं पाहिजे, त्याला ते जेझवे म्हणतात. ते नसलं तर दूध तापवायचं अगदी छोटं स्टीलचं भांडं चालतं. फोडणीचं भांडं मात्र घेऊ नका, कितीही घासलं तरी हिंग-मोहरीचा वास राहतोच. तांब्याचं असेल तर आतनं कल्हई असलेलंच घ्या.

आता करायचं कसं. ज्या कपातनं पिणार त्याच छोट्या कपानं गार पाणी मोजून घाला, साधारण 65 मिली, त्यात दोन चमचे भरून पूड म्हणजे 7 ग्रॅमच्या आसपास, आणि साखर पाहिजे तर ती पण आत्ताच, नंतर घालून ढवळलं तर गाळ उठतो. म्हणूनच तिकडं ऑर्डर घेतानाच विचारतात, सादे म्हणजे बिनसाखरेची की ओर्ता म्हणजे मध्यम गोड. गार असतानाच नीट ढवळा आणि मग चमचा बाजूला ठेवा. गॅस एकदम बारीक. तीन-चार मिनिटं तिथनं हलायचं नाही, फोनसुद्धा घ्यायचा नाही. आधी कडेनं काळपट चकचकीत रिंग येते, मग मधनं फेस हळूहळू वर चढायला लागतो, तो भांड्याच्या काठाशी आला की उकळी फुटायच्या आत उचला. चमच्यानं थोडा फेस कपात घाला, भांडं परत अर्धा मिनिट ठेवा, आणि मग कडेनं हळू ओता. उकळली तर फेस गेला, मग ती कॉफी नुसतीच कडू लागते. ओतल्यावर दोन मिनिटं थांबा, गाळ खाली बसू दे, तळाचं शेवटचं प्यायचं नाही.

पण कॉफी शेवटी! तुर्की भाषेत नाष्ट्याला काहवाल्ती म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचं खाणं. रिकाम्या पोटी प्यायची सवय आपली, त्यांची नाही. प्लेटीसाठी सकाळी लवकर बाजारात जा, खेड्यातनं आलेल्या बायकांकडं कोवळी काकडी आणि घट्ट लाल टोमॅटो मिळतात, ते टोमॅटो फ्रिजमध्ये टाकू नका, चव मरते. चीजच्या ऐवजी घरचं ताजं घट्ट पनीर मिठाच्या पाण्यात (लिटरला 50 ग्रॅम मीठ) रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. वरनं थोडं तेल, लिंबू, आणि जाडसर कुटलेली ब्याडगी. तिकडं पुल बिबेर म्हणून मिरचीचा लाल चुरा भुरभुरतात, त्याच्या सगळ्यात जवळ आपली ब्याडगीच जाते, रंग भरपूर आणि तिखट कमी. पाव गरम असला की झालं, उन्हाळ्यात सोबत आयरान, म्हणजे दही-पाणी-मीठ घुसळून फेसाळलेलं, जिरं-कोथिंबीर न घालता.

कॉफीसोबत ते ग्लासभर पाणी आणि लोकुमचा, म्हणजे त्यांच्या मऊ चिवट मिठाईचा, एक तुकडा देतात. मी कुंदा देते, आपली बेळगावची दुधाची मिठाई, पण चमचाभरच, आणि कॉफी सादे करून, नाहीतर कुंद्यापुढं कॉफी लागतच नाही.