‘फॉर्मिडेबल’ म्हणताना या चुका टाळा

मुलाखतीची तयारी करून घेताना एका पोराला नागपूरबद्दल इंग्रजीत चार वाक्यं बोलायला सांगितली. त्यानं ठणकावून सुरुवात केली, ‘द तर्री-पोहा ऑफ नागपूर इज फॉर्मिडेबल.’ मी थांबवलं, तर म्हणतो कसा, ‘पण सर, तर्री खतरनाकच राहते ना!’

चूक नेमकी तिथंच होती. आपला ‘खतरनाक’ दोन्हीकडून वाजतो. बर्डीच्या गर्दीत अंगावर येणारा ऑटो खतरनाक आणि मित्रानं घेतलेली नवी गाडीही खतरनाक. ‘भयंकर’चंही तेच, एखादं गाणं आपल्याला ‘भयंकर आवडतं’. इंग्रजीतला फॉर्मिडेबल मात्र इतका सैल झालेला नाही. त्याचं मूळ लॅटिन ‘फॉर्मिडो’, म्हणजे धास्ती. ती धास्ती शब्दात अजून मुरलेली आहे, फक्त तिच्यात आदर मिसळलाय. म्हणून कौतुक करायचंय एवढ्यासाठी तो वापरू नका. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये हाच शब्द आज सर्रास ‘फारच छान’ या अर्थानं चालतो. म्हणजे त्या पोराचं वाक्य पॅरिसमध्ये खपलं असतं.

माझी कसोटी साधी आहे: मराठीत तिथं ‘दरारा’, ‘तगडा’ किंवा ‘बलाढ्य’ बसतो का ते बघा. तगडा प्रतिस्पर्धी, म्हणजे फॉर्मिडेबल ऑपोनंट. ज्याच्या नावाचाच दरारा आहे, त्याचं फॉर्मिडेबल रेप्युटेशन. एखाद्या वकिलाची फॉर्मिडेबल मेमरी म्हणजे नुसती चांगली स्मरणशक्ती नव्हे. त्याच्याशी वाद घालायला जाणारा आधी दहादा विचार करील, इतकी पक्की.

दुसरी चूक म्हणजे मोठं ते सगळं फॉर्मिडेबल समजणं. नुसत्या आकारानं भागत नाही, समोर कोणीतरी झुंजायला उभं लागतं. 2015 ची, नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवरची क्रिकेट कसोटी आठवा. भारतानं दक्षिण आफ्रिकेपुढे 310 धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. सपाट खेळपट्टीवर 310 म्हणजे फार तर कठीण. पण ती खेळपट्टी अशी वळत होती, की पहिल्या डावात पाहुणे 79 वर गुंडाळले गेले होते. त्यामुळे तेच 310 ‘अ फॉर्मिडेबल टार्गेट’ झालं. दुसऱ्या डावात ते 185 वर आटोपले आणि कसोटी तीन दिवसांत संपली. आकड्यात दरारा नव्हता, तो अश्विनच्या हातात होता. त्यानं सामन्यात 12 बळी घेतले.

‘आय ॲम फॉर्मिडेबल ऑफ मॅथ्स’ हेही मी ऐकलंय. घाबरणारा फॉर्मिडेबल नसतो, घाबरवणारा असतो. गणित फॉर्मिडेबल, तुम्ही ‘अफ्रेड’. आणि मुलाखतीत ‘आय ॲम फॉर्मिडेबल’ असं स्वतःबद्दल तर मुळीच म्हणू नका. दरारा लोकांनी सांगायचा असतो, आपण नाही. साहेबांबद्दल मेलमध्ये लिहितानाही जरा जपून. ‘फॉर्मिडेबल बॉस’ वाचून साहेब खूशही होतील, पण ‘मी काय यांना खायला उठतो की काय?’ असंही त्यांच्या मनात येईल.

आता उच्चार. देवनागरीत लिहिलेलं वाचून आपण ‘डे’वर जोर देतो, तिथं तो नको. आघात पहिल्या ‘फॉ’वर द्या आणि पुढचं ‘मिडबल’ असं भरभर सोडून द्या. ब्रिटनमध्ये बरेच जण ‘मि’वर जोर देतात, तेही चालतं. स्पेलिंगच्या शेवटी ए-बी-एल-ई, आय-बी-एल-ई नाही. फॉर्म भरण्याशी किंवा ‘फॉर्मल’शी याचं काही नातं नाही. त्यामुळे ‘फॉर्मिडेबल ड्रेस’ म्हणून कोणी ऑफिसचे कपडे दाखवले, तर हसू नका, समजावून सांगा.

त्या पोरानं वाक्य बदललं: ‘द मे हीट इन नागपूर इज फॉर्मिडेबल.’ पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी बाहेर पडायचं म्हणजे खरोखरच दोन हात करणं. मी मान डोलावली. मग त्यानं डोळे बारीक करून विचारलं, ‘आन् सर, सावजीचा रस्सा?’

पुण्याहून पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याच्या ताटात असेल, तर चालेल म्हटलं.