ब्रिटनमध्ये वीज-गॅसचा सप्लायर बदलण्याआधी

तुलनेच्या साइटवर स्वस्त आकडा दिसला की लगेच बटण दाबू नका. आधी मीटरपाशी जा आणि त्यावरचा सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. रीडिंग नव्हे, सिरियल नंबर. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि शेजारच्या फ्लॅटचं बिल निस्तरता निस्तरता जीव मेटाकुटीला आला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. सगळ्यांचे मीटर एकाच कपाटात, वर पेनाने लिहिलेले फ्लॅटचे नंबर; ते कोणी आणि कधी लिहिले, कुणास ठाऊक. एकाने घरातला मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने कपाटापाशी उभं राहायचं. आकडा पुढे सरकत राहिला किंवा दिवा लुकलुकतच राहिला, तर तो मीटर तुमचा नाही. अदलाबदल निघाली तर जुन्या सप्लायरकडूनच दुरुस्त करून घ्या, मगच बदला. नाहीतर नवा जुन्याकडे बोट दाखवतो, जुना नव्याकडे, आणि पैसे मात्र तुमच्या खात्यातून जात राहतात.

गॅसच्या मीटरचं एककही बघा. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात, नवे घनमीटरमध्ये. शंभर घनफूट म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, त्यामुळे खात्यात चुकीचं एकक नोंदलेलं असेल तर बिल जवळपास तिप्पट येतं, नाहीतर एक तृतीयांश. कमी आलं म्हणून खूश होऊ नका. नंतर वसुली निघू शकते; फार तर मागच्या १२ महिन्यांची, पण तेवढीही जड जाते.

बिलावरून १३ आकडी एमपॅन (वीजजोडणीचा नंबर), एमपीआरएन (गॅसजोडणीचा नंबर) आणि वर्षभराचा वापर किलोवॉट-तासांत उतरवून घ्या. वर्षभराचाच हवा. जानेवारीच्या एका बिलावरून हिशोब केला तर हीटिंगमुळे सगळं गणित फसतं. ऑफजेम या ऊर्जा नियामकाची प्राइस कॅप, म्हणजे दरांची कमाल मर्यादा, दर तीन महिन्यांनी बदलते आणि ती दरांवर असते, तुमच्या एकूण बिलावर नाही. बातम्यांत येतो तो वर्षाचा आकडा ठरावीक वापराच्या घराचा. स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो रोज लागणारा ठरावीक आकार, वेगळा बघा, वापर कमी असेल तर तोच अंगावर येतो. इकॉनॉमी सेव्हनवाल्यांनी (रात्री सात तास स्वस्त वीज मिळते ती योजना) दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन्ही रीडिंग घ्यायची.

फिक्स्ड टॅरिफ, म्हणजे ठरावीक मुदतीचा बांधलेला दर, संपायच्या शेवटच्या ४९ दिवसांत एक्झिट फी (मुदतीआधी सोडण्याचा आकार) लागत नाही. त्याआधी सोडायचं असेल तर ती फी बचतीतून वजा करून बघा, पुष्कळदा काहीच उरत नाही. घर भाड्याचं असलं तरी बिल तुम्ही थेट सप्लायरला भरत असाल तर बदलायचा हक्क तुमचाच. करारात लिहिलं असेल तर घरमालकाला कळवा. नॉर्दर्न आयर्लंडमधल्यांनी हे नियम धरू नयेत, तिथला नियामक वेगळा आहे.

अर्ज केल्यावर मन बदलायला १४ दिवस मिळतात. बदल साधारण पाच कामाच्या दिवसांत होतो. वीज जात नाही, तारा आणि पाइप तेच राहतात. बदलाच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा आणि त्यात सिरियल नंबर दिसलाच पाहिजे. नुसत्या आकड्यांचा फोटो कुठल्याही मीटरचा असू शकतो, वाद झाला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. नव्याचं पहिलं बिल आलं की पुन्हा तोच नंबर ताडून बघा. हो, पुन्हा.

जुन्या सप्लायरचा डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी) शेवटचं बिल येईपर्यंत मोडू नका. ते बिल सहा आठवड्यांत, आणि शिल्लक असेल तर ती त्यानंतर १० कामाच्या दिवसांत यायला हवी. उशीर झाला तर भरपाई मागा. तक्रार करून आठ आठवडे झाले तरी सुटलं नाही, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि सप्लायरमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा.