वांग्याचं देशी बी घरीच धरा आणि वाटा पण

कृष्णाकाठचं वांगं ज्यानं खाल्लंय त्याला चवीचं वेगळं सांगायला नको. पण सांगली-साताऱ्याकडं त्याचं घरचं बी आता किती जणांकडं आहे ते विचारून बघा, नर्सरीतनं रोप आणलं की झालं असंच चाललंय. आणि हायब्रीडचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत तसंच फळ येत नाही, म्हणून देशीच पाहिजे.

रोग नसलेली, भरपूर फळं देणारी चार-पाच झाडं हेरा. जवळ दुसरी वांगी असतील तर किडे-माश्यांमुळं भेसळ होते, म्हणून कळी उमलायच्या आधीच तिला पातळ मलमलची पिशवी बांधा, वांगं स्वतःच्या परागावर पण धरतं. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर तोडणीत ते बाजारला जातं. मग ते झाडावरच पूर्ण पिवळं पडू द्यायचं, इथंच लोकांना दम निघत नाही आणि कवळं बी उगवत नाही. पिवळं फळ काढून थोडे दिवस सावलीत मऊ होऊ द्या, कापून पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं बी घ्या, तरंगलेलं टाका. ताटलीत पातळ पसरून सावलीतच वाळवा.

घेवडा सोपा, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा असेल तर शेंगा झाडावरच वाळवायच्या. पण त्याला भुंगा लागतो, म्हणून दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून चाळलेली राख मिसळून घट्ट बरणीत ठेवा.

मे महिन्यात वांग्याचं तरू टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या आधी 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा, 14-15 उगवल्या तर बी चांगलं, कमी उगवल्या तर जास्त टाका.

आणि सगळं बी एकाच घरात ठेवू नका, उंदीर लागला, पाणी शिरलं की वाण गेलाच. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात प्लास्टिकचा डबा देण्यापेक्षा बियांची पुडी द्या ना! पुडीवर वाणाचं नाव, गाव, कुठल्या सालचं बी एवढं लिहायचंच. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, वाटायचा, विकायचा सुद्धा हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. देताना एवढंच सांगा की पीक आलं की त्यातलं मूठभर बी आणखी दोन घरी द्यायचं.