मुलांना सोबत घेऊन माटोळी कशी बांधावी

चतुर्थीला गणपतीच्या आसनाच्या वर टांगायच्या माटोळीची, म्हणजे फळे-पाने बांधलेल्या लाकडी चौकटीची, तयारी गोव्यातील घरांत लहान मुलांवर बरीचशी सोपवता येते. चढणे तेवढे मोठ्यांनी करावे. म्हापसा किंवा बाणस्तारीच्या बाजारात त्यांना बरोबर न्यावे आणि घागऱ्या, कांगण्या, आंबाडे, तोरिंगे अशी माटोळीची फळे आणि शेंगा त्यांनाच निवडू द्याव्यात. घागरीची पिकलेली शेंग कानाशी हलवली की आतल्या बिया खुळखुळतात, आणि मग उरलेली खरेदी लवकर आटोपेल ही आशा सोडून द्यावी! लालचुटुक कवंडळ हे रानफळ मात्र विषारी असते, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये.

घरी जमिनीवरच फळांच्या जुड्या कराव्यात. केवणीच्या झुडपाच्या सालीचे दोर भिजवून नरम केले, तर पाच-सहा वर्षांच्या मुलालाही साधी गाठ जमते. त्याहून लहानांनी आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, पुरवाव्यात. नारळांची पेंड (घोस), केळ्यांचा घड, चिबूड असे वजनदार जिन्नस आधी लाकडी चौकटीला बांधून, तोल पाहून, मगच हलकी फळे मध्ये टांगावीत, अन्यथा चौकट एका बाजूला कलते. खाली मूर्ती बसणार असल्याने प्रत्येक गाठ मोठ्यांनी पुन्हा ओढून पाहावी.